परातवाले सर

लोणखेड्याच्या कॉलेजात सरांना त्यांच्या नावानं फारसं कोणी ओळखत नसे. 'परातवाल्या सरांकडे जायचंय' म्हटलं की शहाद्याचा रिक्षावाला थेट त्यांच्या दारात नेऊन सोडायचा. सरांकडे अ‍ॅल्युमिनियमची एक खोलगट परात होती, लग्नाच्या पंगतीत भात काढतात तसली. तिच्या मधोमध त्यांनी लाकडी दांडीवर एक माइक बसवला होता. ती परात एका हातात धरून ते सायकलवरून कॅनॉलच्या कडेनं, उसाच्या बांधांवरून, केळीच्या बागांमधून सकाळी सकाळी फिरत. परातीत आवाज गोळा होतो आणि लांबच्या झाडावरचा दयाळ पक्षी कानाशी बसून गातोय असं ऐकू येतं, एवढंच त्यातलं शास्त्र. पण ते रस्त्यावरच्या माणसाला कोण सांगणार? सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एका व्यापाऱ्यानं त्यांना परात केवढ्याला देणार म्हणून विचारलं होतं. धडगावच्या वरच्या एका पाड्यावर तर लोकांनी त्यांची भाड्याची जीपच अडवली. तिकडे कोणी काही मोजायला आलं की माणसं आधी घाबरतात. मोजणीनंतर धरण येतं आणि जमिनी जातात, हे त्यांनी पाहिलेलं आहे. सर खाली उतरले, परात जमिनीवर ठेवली आणि दयाळाची शीळ घातली. एका म्हातारीनं मान हलवली आणि स्वतः वेगळीच शीळ घालून दाखवली. जीपवाल्यानं तिचं बोलणं मराठीत करून सांगितलं, "ती म्हणते, तुमचा पक्षी खालच्या सपाटीवरचा आहे. इथला असा बोलतो."

सर त्या एका वाक्यावर आठवडाभर खूश होते.

मी आधी त्यांची विद्यार्थिनी. मग त्याच प्राणिशास्त्र विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले आणि त्यांच्या पक्ष्यांच्या वह्या माझ्याकडे आल्या. वर्गात ते शुद्ध मराठी बोलत, अगदी मोजून मापून. वर्गाबाहेर पाऊल टाकलं की अहिराणी. बसमध्ये ते कानात कापूस घालून बसायचे. "शेतकरी बैल सांभायस, मी कान सांभायस," म्हणायचे. समोरचा माणूस काय सांगतोय यापेक्षा तो कसं बोलतोय इकडे त्यांचं लक्ष असे. नवा शिपाई रुजू झाला, 'नमस्कार सर' म्हणाला, तर सर त्याला विचारणार, "तुन्ही माय तळोदाकडनी शे का रे?" आणि ती तिकडचीच निघायची.

कडेवर मूल घेतलेली कोणतीही बाई भेटली की त्यांचा प्रश्न ठरलेला होता. "कितवा महिना? काय बोलतं?" आपण जेवलात का विचारतो तसं. बायका आधी बावरायच्या, मग कौतुकानं सांगायच्या. सर ते खिशातल्या छोट्या वहीत लिहून घ्यायचे.

कारण त्यांच्या डोक्यात आयुष्यभर एकच गोष्ट होती. पाखरू गाणं घेऊन जन्माला येत नाही, शिकतं. बापाचं ऐकतं, मग स्वतःशीच कच्चं-कच्चं बडबडतं, चुकतं, दुरुस्त करतं, आणि एक दिवस गाणं पक्कं होतं. माणसाचं पोर भाषा शिकतं ते याच वाटेनं. आणि दोघांनाही मुदत असते. त्या मुदतीत कानावर पडलं नाही, तर पुढं कितीही ऐकवा, गाडी चुकलेली असते. हे ते दर वर्षी वर्गात सांगत आणि मग दोन आवाज ऐकवत. पहिला आवाज बापाजवळ वाढलेल्या पिल्लाचा. दुसरा ऐकताना मागच्या बाकावरची हसणारी मुलंही गप्प व्हायची.

तो दुसरा आवाज आमच्याच खोलीतला होता. प्रयोगशाळेमागच्या जुन्या भांडारात सरांनी झेब्रा फिंच पाळले होते. सुरतच्या बाजारातून आणलेले विलायती पक्षी, लाल चोचीचे, मुठीत मावतील एवढे. यांच्यात मादी गात नाही, फक्त नर गातो. सरांनी एका जोडीतला नर पिल्लं अंड्यातून बाहेर येताच काढून घेतला. चार पिल्लं आईजवळ वाढली, खाऊन-पिऊन टुणटुणीत, पण गाणं त्यांच्या कानावर पडलंच नाही. मोठी झाल्यावर त्यातले तीन नर निघाले. ते गायला लागले ते ऐकवत नव्हतं. एकच किरकिर लांबवायची, मध्येच तुटायची, पुन्हा तीच. पुढे सरांनी बापाला परत आणून त्यांच्या शेजारी ठेवलं. तो दिवसभर गायचा आणि ही शेजारी बसून आपलीच किरकिर करायची. थोडंफार काही उचललं असेल, पण ते गाणं झालं नाही. त्या सगळ्या आवाजांचे आलेख मी काढले. दोन पावसाळे मी ते काम केलं.

त्यातला तीन नंबरचा पक्षी सरांनी नंतर स्वतःच्या टेबलावर आणून ठेवला. माद्या त्याच्याकडे फिरकत नव्हत्या. "हाई मी करेल शे," सर एकदा म्हणाले, हे माझंच केलेलं आहे. एवढंच. पण पुन्हा त्यांनी कोणत्याही पिल्लापासून बाप काढला नाही.

मला मुलगी झाली तेव्हा मी रजेवर होते. धनू तिचं नाव. सर बारशाला आले, पेढा खाल्ला आणि सासूबाईंसमोरच मला म्हणाले, "हिन्ही बडबड भरू का?" त्यांना तान्ह्या मुलाची बडबड पहिल्या दिवसापासून भरून ठेवायची होती, पाखराच्या कच्च्या गाण्याशी ताडून पाहायला. सासूबाईंना वाटलं, मास्तर नातीचा फोटो काढायचं म्हणतोय. त्या हो म्हणाल्या. दर रविवारी सर सायकलवर आमच्या गावी यायचे, पाळण्याशी एक छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र ठेवायचे, तासभर ओसरीवर चहा पीत बसायचे आणि जायचे. मला त्याचा अभिमानच होता. आमच्या घरात सरांसारखा शिकलेला माणूस येतो, पोरीचं हुंकारणं लिहून ठेवतो.

धनूला तेरावा महिना लागला तेव्हा एक दिवस सासूबाई लग्नाला गेल्या होत्या, म्हणून मी तिला कॉलेजात घेऊन गेले. तिला पक्ष्यांच्या खोलीत सतरंजीवर बसवलं. पुढ्यात एक गळालेलं पीस पडलं होतं, ते ती चिमटीत धरायचा प्रयत्न करत होती. तेवढ्यात दारात शिपायाच्या हातून ट्रेची चळतच्या चळत फरशीवर पडली. पत्र्याचे वीसेक ट्रे. मी किंचाळले. सगळे पिंजरे फडफडाटानं भरून गेले.

धनू पीस धरत होती.

सरांनी ट्रेंकडे पाहिलंच नाही. टेबलावरची घंटी उचलली, पोरीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि वाजवली. थांबले. पुन्हा वाजवली. मग ते जरा पुढे सरकले, त्यांची सावली सतरंजीवर पडली, आणि त्याबरोबर धनूनं वळून वर पाहिलं आणि ती हसली.

"पोरी," सर म्हणाले, "हिले ऐकू येत नही."

"काय बोली ऱ्हायनात सर? ती खेयामा गुंग शे."

"पाखरं बी गुंगच व्हतात, तरी फडफडनात. आजच लई जाय. नाशिकले. कानना डॉक्टरले दखाड."

मी धनूला उचललं आणि त्यांच्याकडे न बघता निघून आले. बसमध्ये मी तिच्या कानाशी तोंड नेऊन तिला हाका मारल्या. माझा श्वास लागला की ती मान वळवायची. मी स्वतःला सांगितलं, बघ, वळते की नाही.

सगळ्या तालुक्यात या गोष्टीची माहिती माझ्याइतकी कोणाला नव्हती. मुदत म्हणजे काय हे मी कागदावर रेघा ओढून पाहिलं होतं. आणि तरीही, किंवा त्यामुळेच, मला ते ऐकायचं नव्हतं. घरात सगळे माझ्याच बाजूचे होते. सासूबाई म्हणाल्या, "आमना घरमा पोरे उशिराच बोलतस. तुन्हा सासरा चार वरीसना व्हयना तवय बोलना." नवरा म्हणाला, त्या म्हाताऱ्याला पाखरांशिवाय काही कळत नाही. आम्ही एका डॉक्टरांना दाखवलं, कानाच्या नव्हे. त्यांनी धनूच्या गालाला हात लावून सांगितलं, तीन वर्षांपर्यंत वाट बघा, काही मुलं आळशी असतात. मला तेवढंच हवं होतं.

पुढच्या रविवारी सर आले ते यंत्र न घेता, हातात स्टीलची वाटी आणि चमचा घेऊन. दारातूनच म्हणाले, "आजी, पोरले मांडीवर ल्या, मी मांगून वाजाडस." सासूबाई चौकटीत उभ्या राहिल्या.

"मास्तर, पाखरं कोंडीसन जीव भरना नही का? आते मन्ही नातवर डोया ठेवा? निंघा आठून."

सर वाटी-चमचा घेऊन अंगणात उभे राहिले. मी आतल्या खोलीत होते, धनूला पाजत. बाहेर गेले नाही. थोड्या वेळानं सायकलच्या स्टँडचा आवाज आला. मी कॉलेजचं कामही सोडलं. पोर लहान आहे, असं कारण दिलं.

मग पोस्टकार्डं यायला लागली. दर महिन्याच्या चार-पाच तारखेला एक. त्यावर पत्ता माझा आणि मागे फक्त एक आकडा. पहिल्यावर चौदा. पुढच्या महिन्यात पंधरा. मग सोळा. ना नाव, ना सही, ना 'सप्रेम नमस्कार'. मला पहिल्याच कार्डाला कळलं की ते धनूचे महिने आहेत. पोस्टमन हसत हसत विचारायचा, "वहिनी, लॉटरीना नंबर शे का?" सासूबाईंनी एक कार्ड चुलीत घातलं आणि त्यावर मीठ-मिरच्या टाकल्या. करणी आहे म्हणाल्या. मी बाकीची गादीखाली ठेवत गेले. का ठेवली ते सांगता येत नाही. रोज रात्री त्या आकड्यांवर झोपत होते मी.

अठ्ठावीस आकड्याचं कार्ड नवऱ्याच्या हाती लागलं. त्यानं गादी उचकली, सगळी गोळा केली आणि दोन चुलतभाऊ घेऊन कॉलेजात गेला. काय झालं ते मला नंतर शिपायानं सांगितलं. प्राचार्यांच्या केबिनमध्ये नवऱ्यानं कार्डं टेबलावर आपटली. म्हातारा माझ्या बायकोला चिठ्ठ्या पाठवतो, म्हणाला. सर म्हणाले, "पोरीचा कान तपासा, मी लेखी माफी मागतो. न तपासता मागणार नाही." एका चुलतभावानं त्यांना ढकललं. चष्मा फुटला. शेवटी सरांनी माफी लिहून दिली, पोस्टकार्डं थांबली आणि तक्रार नको म्हणून कॉलेजनं पक्ष्यांची खोलीही रिकामी करायला लावली. पिंजरे कोणीतरी घेऊन गेलं. टेबलावरचा तीन नंबर त्याआधीच मेला होता, असं शिपाई म्हणाला. त्याच वर्षी सर निवृत्त झाले. निरोप समारंभाला मी गेले नाही.

धनू साडेतीन वर्षांची होईस्तोवर आम्ही सगळे तिच्या गप्प राहण्याला काही ना काही नाव देत राहिलो. लाजाळू आहे. हट्टी आहे. मोबाइल बघून असं झालं. ती माझा पदर ओढून हवं ते दाखवायची आणि मला वाटायचं, चालतंय की. मग उसाचा हंगाम आला. एका सकाळी ती रस्त्याकडेला मातीत खेळत होती आणि मी दहा-बारा पावलांवर धुणं वाळत घालत होते. उसाची ट्रॉली उलटी मागे येत होती. ट्रॅक्टरवाल्याचा हॉर्न चालू होता, मी ऐकत होते, रोजचाच आवाज म्हणून ऐकत होते. मग मी मान वळवली. चाक आणि धनूची पाठ यांत वीतभर अंतर होतं. शेजारणीनं आरोळी ठोकली, ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, शहाद्याचा एक म्हातारा चाचा. त्यानं धनूला उचलून माझ्या हातात दिलं. 

"बेटी, मैं कब से हॉर्न बजा रहा हूँ. बच्ची सुनती नहीं क्या?"

"नही," मी म्हणाले.

तो शब्द मी पहिल्यांदा तोंडातून काढला.

नाशिकला तपासण्या झाल्या. दोन्ही कान जन्मापासूनच बंद. डॉक्टरीणबाई कागद बघत म्हणाल्या, "इतकी वर्षं कोणाच्या लक्षात नाही आलं?"   मग ऑपरेशन झालं, कानामागे यंत्र बसलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं: आवाज पोहोचेल, पण त्या आवाजाचं बोलणं किती होईल याची खात्री देता येत नाही. लवकर आला असतात तर गोष्ट वेगळी. यंत्र पहिल्यांदा चालू केलं तेव्हा धनू घाबरून रडली. पुढे वर्षभरानंही आवाज आला की ती दचकायची, इकडेतिकडे बघायची. पण हाक म्हणजे आपलं नाव, हे तिच्यात उतरेना.

तेव्हा मी सरांकडे गेले. नवऱ्याला न सांगता, धनूला घेऊन. शहाद्यात एका गल्लीत दोन खोल्यांत ते एकटेच राहत. दार उघडून त्यांनी आधी धनूकडे पाहिलं, तिच्या कानामागच्या यंत्राकडे, मग माझ्याकडे.

"कितला महिना?"

"सदुसष्ट."

त्यांनी डोळे मिटले. आम्ही आत बसलो. मी एस.टी.त पाठ केलेलं बोलून टाकलं, "सर, मन्हं चुकनं. तुम्हनं ऐकं असतं तर—"

"थांब," ते म्हणाले. उठले, फळीवरून एक वही काढली आणि उघडून माझ्या मांडीवर ठेवली.

धनूच्या रविवारांची वही होती. त्यांचं बारीक अक्षर. सहाव्या महिन्यापर्यंत पानंच्या पानं भरलेली: हुंकार, लांबी, चढ-उतार. आठव्या महिन्यात लिहिलं होतं, 'बडबड वाढत नाही. कमी होते आहे.' नवव्यात, 'हाकेला वळत नाही. शंका.' दहाव्यात, 'शंका बळावते. वर्ष पूर्ण होईपर्यंत नोंद चालू ठेवावी.' शेवटच्या ओळीखाली रेघ मारली होती.

मी दोनदा वाचलं.

"ट्रे पडनात त्याना आगोदर तुम्हले माहीत व्हतं?"

"पाच महिना आगोदर."

"मंग सांगं कसाले नही?"

 धनू त्यांच्या खिडकीच्या गजांवर कपाळ टेकवून बाहेर बघत होती. "ऐकू न येणारं पोर बडबड कशी करस आनी कवय बंद करस, हाई कोन्हीबी पयल्या दिनपासून लिखेल नव्हतं आमना इकडे. तुले सांगं असतं तर तू डॉक्टरकडे पयी असती. वही अर्धी राहती." मग ते वर्गात बोलायचे तसल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "मला वाटलं, एका वर्षानं सांगू. पाच महिन्यांनी काय बिघडतं."

"मन्ही धनू तुम्हनं पाचवं पिल्लू व्हतं," मी म्हणाले.



मी वही त्यांच्या अंगावर फेकली असती, पण तेवढा हक्क माझ्याकडे होता का? त्यांचे पाच महिने, माझी अडीच वर्षं. मी धनूचा हात धरून निघाले. महिनाभर तिकडे फिरकले नाही. घरात त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत होते आणि धनूला आरशासमोर बसवून 'आई म्हण, आई म्हण' करत होते. ती माझ्या ओठांना बोट लावायची आणि हसायची. शेवटी मी पुन्हा शहाद्याला गेले, कारण दुसरं दार माझ्या ओळखीचं नव्हतं. सरांनी दार उघडलं आणि सतरंजी अंथरली.

पुढची दोन वर्षं आठवड्यातून चार दुपारी आम्ही त्यांच्याकडे जात होतो. मी आता घरात उघड सांगून निघायचे आणि कोणी मला अडवलं नाही. सर धनूचा तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवून 'गा, गा' म्हणायचे. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून 'पा' म्हणायचे, पट्टी हलली की धनूला मजा वाटायची. ती पट्टी नुसती फुंकर मारून हलवायला शिकली. सरांचं वय झालं होतं, दिवसभर बोलून त्यांचा घसा बसायचा, खोकला यायचा, पण थांबायचे नाहीत. दोन वर्षांत धनूला अकरा शब्द आले. त्यातले चार फक्त मला आणि सरांना कळायचे. ती चिडकी झाली. चावायची, स्वतःचे केस उपटायची. पट्टी दिसली की तोंड फिरवायची. तीन नंबरच्या पक्ष्याची आठवण मला यायची आणि सरांनाही येत असणार, पण आम्ही ते नाव काढत नव्हतो.

मग शहाद्याच्या बसस्टँडवर एक गोष्ट घडली. सर आम्हाला बसवून द्यायला आले होते. समोरच्या बाकावर दोन तरुण बसले होते आणि हातांनी बोलत होते. भराभर, चेहऱ्यावर सगळं उमटवत, मधेच एकमेकांना टाळी देत. धनू माझा हात सोडून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिला मी इतकं स्थिर कधी पाहिलं नव्हतं. त्यातल्या एकानं तिच्या कानामागचं यंत्र पाहिलं, तिच्याकडे बोट केलं आणि हातानं काहीतरी विचारलं. धनूनं त्याचा हात जसाच्या तसा करून दाखवला. तो हसला, दुसरा एक करून दाखवला. तिनं तोही केला. आमची बस लागली, भरली, निघून गेली. मी तिला ओढायला पुढे झाले तर सरांनी माझा दंड धरला.

"राहू दे," म्हणाले. "राहू दे तिले."

अर्ध्या तासात ती पोरगी पाच-सहा गोष्टी शिकली. दोन वर्षांत अकरा, आणि अर्ध्या तासात सहा. ते तरुण आपल्या गाडीनं गेले तेव्हा ती बसच्या मागे धावली. सर बाकावर बसले होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मी परत चुकनू, पोरी."

"काय व्हयनं सर?"

"मी सगळं आयुष्य गळा ऐकत बसलो," ते शुद्ध मराठीत बोलू लागले की मला भीती वाटायची. "मला वाटलं, भाषा म्हणजे आवाज. तिची मुदत गळ्यातूनच संपते. पोर भाषा मागत होतं आणि आपण तिला आवाज देत बसलो. दोन वर्षं अजून घालवली मी तिची." मग स्वतःशीच म्हणाले, "पाखराला हात नसतात. म्हणून मला दिसलंच नाही."

त्यानंतर पंधरा दिवस सर कुठंकुठं फिरत होते, नाशिक, धुळे, सुरत. परात घेऊन फिरणारा माणूस आता रिकाम्या हातानं शाळा बघत फिरत होता. नाशिककडे एक निवासी शाळा त्यांना सापडली, जिथे शिक्षिका स्वतःच बहिऱ्या होत्या आणि वर्गात सगळे हातांनी बोलत. धनूला तिथे ठेवावं लागणार होतं. सासूबाई रडल्या. "मुकी करीसन टाकशात का पोरले?" नवरा म्हणाला, हातवारे केले की लोक बोटं दाखवतील. सर पुन्हा आमच्या त्याच अंगणात येऊन उभे राहिले होते. या वेळी सासूबाईंनी त्यांना खाट टाकून दिली.

"आजी," सर म्हणाले, "मी या पोरनं दोनदा वाटोळं करेल शे. तिसरांदा तुम्ही करू नका."

सासूबाई उठल्या. मग आत जाऊन धनूच्या कपड्यांची पिशवी भरायला लागल्या.

शाळेत सोडताना धनू रडली नाही. सर रडले. परतीच्या एस.टी.त त्यांनी कानात कापूस घातला नाही. धुळ्याच्या पुढे मला म्हणाले, "तू हात शिकी ले. मन्हं आते व्हनार नही, पण तू शिक." मी हो म्हणाले. शिकायला पुस्तक आणलं, मोबाइलवर बघितलं, पण घर, शेत, पुन्हा मिळालेल्या तासिका, यात ते मागे पडत गेलं. भाकर, पाणी, शाळा, बस, झोप, ये, जा. एवढ्यावर माझी गाडी अडली.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडी सर गेले. दोन दिवस दार उघडलं नाही म्हणून शेजाऱ्यांनी पाहिलं. पुतण्या आला, तापीकाठी सगळं उरकलं. मी गेले होते. कॉलेजचे तिघेजण होते. कोणीतरी म्हणालं, विद्वान माणूस, पण जरा हलकाच होता डोक्यानं.  मी काय बोलणार होते? त्या माणसाबद्दल चांगलं बोलायला गेलं तर वही आठवते आणि वाईट बोलायला गेलं तर पोस्टकार्डं आठवतात. त्या माणसानं माझ्या मुलीचे महिने मोजले, आधी स्वतःसाठी आणि मग तिच्यासाठी. यातलं एक दुसऱ्यातून वजा होत नाही.

मे महिन्यात धनू सुट्टीला घरी आली. केवढी बदलली होती. जेवताना, झोपताना, अंगणात, तिचे हात थांबत नव्हते. मला त्यातलं दहातलं एखादं कळायचं. सासूबाई नुसत्या बघत राहायच्या, मग पदरानं डोळे टिपायच्या आणि म्हणायच्या, "कितली बोलस वं हाई."

तिसऱ्या दिवशी तिनं मला सरांबद्दल विचारलं. तिनं सरांसाठी एक खूण केली होती, चष्म्याच्या दोन वर्तुळांची. ती खूण केली, मग 'कुठे' केलं, मग 'जाऊ'. माझ्याकडे उत्तर होतं, पण शब्द नव्हता. मी मान हलवली. ती पुन्हा विचारत राहिली. मी वर बोट केलं, आपण करतो तसं. तिनं वर पाहिलं. छतावर पंखा फिरत होता. ती पंख्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी डोळे मिटून मान टाकली. तिनं 'झोप' केलं आणि ती हसली. मग उठली, चपला घातल्या, मला ओढायला लागली: चल, उठवू.

मी तिला शहाद्याला घेऊन गेले. दाराला कुलूप होतं. पुतण्यानं खोल्या रिकाम्या केल्या होत्या. धनूनं खिडकीचे गज धरून आत पाहिलं. फरशी, भिंत, खिळे. तिनं बराच वेळ पाहिलं. मग हळूहळू तिचं कपाळ गजांवरून सुटलं आणि ती माझ्याकडे वळली. तिनं हातांनी एक लहानशी हालचाल केली आणि भुवया उंचावल्या, विचारल्यासारख्या. मला ती हालचाल माहीत नव्हती. पण मघाशी माझ्याकडे नव्हता तो शब्द हाच, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मी मान डोलावली.

ती रडली नाही. जवळ आली, माझी दोन्ही मनगटं धरली, माझी बोटं एकेक करून सरळ केली आणि तीच हालचाल माझ्या हातांकडून करवून घेतली. मला नीट जमली नाही. तिनं नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा करवून घेतली. रस्त्यानं जाणारी दोन माणसं थांबून बघत होती. तिसऱ्यांदा मला जमली. तेव्हा तिनं माझे हात सोडले.